काकूंची जीप आणि तेलाचा काटा

आमच्या शेजारच्या काकू जीपमध्ये बसल्या की रस्त्याआधी तेलाच्या दाबाचा काटा बघायच्या. काचेवर नखानं टकटक करून त्यालाच विचारायच्या, "जागा हाईस न्हवं?"

काका फौजेत ड्रायव्हर होते. शिराळ्यात परतल्यावर त्यांनी ही जुनी जीप घेतली आणि काकूंना स्टिअरिंगला कधी हात लावू दिला नाही. पुढे त्यांची मूत्रपिंडं गेली. डायलिसिससाठी सांगलीला फेऱ्या सुरू झाल्या आणि पन्नाशी उलटलेल्या काकू गाडी शिकल्या. काकांना चढवा-उतरवायला मी सोबत असे.

गाडी गार असताना काटा वर असायचा, तोवर काकू खुशीत. सांगलीत शिरेपर्यंत इंजिन तापायचं. सिग्नलला थांबलं की काटा पार खाली यायचा आणि काकू तिथेच किल्ली फिरवून गाडी बंद करायच्या. मागून रिक्षांचे हॉर्न. काकू मान बाहेर काढून सांगायच्या, "काटा पडलाय, भाऊ." जणू घरातलंच कुणी चक्कर येऊन पडलंय.

शेवटी एकदा मागच्या सीटवरून काकांनी शिकवणी घेतली. "अगं, तापलं की तेल पातळ हुतंय. गाडी उभी हाय, इंजिन हळू फिरतंय, मग तेलाचा पंपबी हळूच फिरणार. जरा एक्सलेटर दाब."

काकूंनी दाबला. काटा वर आला.

"उठला. आन न्हाई उठला तर?"

"तर माझंबी ऐकू नगंस. गाडी बंद करायची."

त्यानंतर सिग्नलला गाडी चालू राहू लागली. काटा पडला की काकू पाय दाबून त्याला उठवायच्या आणि आमच्याकडे अशा बघायच्या, जणू पंप त्यांनीच बसवलाय.

एका दुपारी आष्ट्याच्या पुढे, चांगल्या वेगात असताना काटा खाली आला. काकूंनी पाय दाबला. काटा हलला नाही. त्यांनी जीप कडेला घेतली आणि बंद केली. मी म्हणालो, तापलीय म्हणून असेल. काकाही चिडले; दवाखान्याची वेळ टळेल म्हणाले.

"चालत्या गाडीत पडलाय. उठत न्हाई," काकू म्हणाल्या आणि खाली उतरल्या.

इंजिनाखालून तेल गळत होतं. मागे रस्त्यावर काळी रेघ उमटली होती. तसंच पुढे गेलो असतो, तर इंजिन जाम झालं असतं आणि पुढच्या फेरीला जीपच उरली नसती.

काकूंनी हळदीची पोती घेऊन सांगलीला निघालेला टेम्पो थांबवला, आम्हाला ड्रायव्हरशेजारी बसवलं आणि स्वतः जीपजवळ थांबल्या. वेळ गाठली आम्ही. वाटेत काका माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "माझ्यापरास बरी चालवती. तिला सांगू नको."

काका गेल्या उन्हाळ्यात वारले. तेरावा झाल्यावर मी काकूंना ते वाक्य सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला सांगाया काय झालं हुतं त्यास्नी?" हसत होत्या, पण पदर डोळ्यांना लावलेला होता.

आता त्या साताऱ्याला मुलीकडे असतात. जावई न्यायला येतो म्हणत होता, यांनी ऐकलं नाही. जीप स्वतःच घेऊन गेल्या. गल्लीच्या तोंडाशी जीप वळली तेव्हा मागच्या सीटवर काकांची उशी दिसली. ती त्यांनी काढली नव्हती.