सहा पडद्यावरचं पैंजण

माझ्या पोरगीचं पाय पडद्यावर आलं. दाराएवढं मोठं. एका न्हाय, सहाच्या सहा पडद्यावर. मी प्रदर्शनातल्या स्टॉलच्या मागं, प्लायवूडच्या आडूशाला कॉम्प्युटरम्होरं बसलेली, आनि भाइर कोन तरी म्हनतंय, "ह्ये पैंजण कुनाचं ओ पावणं? बोटानं दाबा की, मोठं हुतंय."

दाबलं की मोठं हुतं. पैंजणावरल्या पानाची शीर न शीर दिसती. तो फोटू कॉम्प्युटरात मीच भरल्याला.

मी फोटू काढून टाकला. कॉम्प्युटरवरनं गेला, पडद्यावरनं गेला न्हाय. आमच्या ऑफिसच्या मॅडम दुसऱ्या हॉलातनं फोनवर सांगाय लागल्या, आधी ह्ये दाब, मग त्ये दाब, मला काय ऐकू येईना, कानात नुसता सूं आवाज. अर्धा तास गेला. तेवढ्यात दोघातिघांनी मोबाईलवर फोटू घेतलं. एकानं तर चष्मा कपाळावर सारून चिठ्ठीवर पानाचा आकार उतरून घेतला. मी फटीतनं बगत हुते.

हुपरी सोडली तवा साक्षी सा म्हैन्याची हुती. माझ्या मालकास्नी कोल्हापूरच्या एमआयडीसीत काम लागलं, म्हनून तिथंच खोली केली. एस.टी.नं तासाभराची वाट. लोकं दुबईला जात्यात, हिला तासाभराचं काय एवढं, असं तुमी ह्या ग्रुपवरच्या बायका म्हनशीला. आई स्टँडवर पदर तोंडात धरून उभी हुती. आबांनी दोऱ्यानं पोरगीच्या घोट्याचं माप घेतलं, "पैंजण वाढतं करतो," म्हनलं, आनि दोरा खिशात टाकला. गाडी सुटली तरी मला तो दोराच दिसत हुता.

हुपरीला घरात दिसभर आबांच्या चांदीकामाच्या हातोडीचा आवाज असायचा, त्यातच झोपायचं, त्यातच जेवायचं. कोल्हापुरातल्या खोलीत पयल्यांदा एवढं गप्प हुतं की मला भ्या वाटायचं. मग खालच्या ऑफिसात झाडलोट कराय लागले. तिथल्या मॅडम प्रदर्शनातले स्टॉल करायच्या, बोटानं दाबायच्या पडद्याचे. एकदा चांदीवाल्यांचं काम आलं आनि त्यांस्नी पायातल्या दागिन्यांत तोरडी कुठली, छुमछुम कुठली, वाळा कुठला, कायच कळंना. मी झाडू हातात धरून सांगितलं. नववी नापास बाईला त्यांनी खुर्चीवर बसवलं.

सिस्टीम म्हनत्यात तिला. एका जागी फोटू टाकायचा, नाव, वजन लिवायचं, हिरवं बटन दाबलं की सगळ्या पडद्यावर जातंय. न दाबता नुसतं ठेवलं तर आपल्यालाच दिसतंय. हुपरीत आमी बायका बी येतो, जातो म्हनतो. मॅडमनी हसून हसून मला येते, जाते कराय लावलं. डिलीट, सेव्ह, पब्लिश बी तोंडात बसलं.

आमच्यात नव्या नमुन्याचा पयला जोड घरातल्या लेकीबाळीच्या पायात घालत्यात. सणापतोर भाइर कुनाला दावायचा न्हाय, मगच इकणाऱ्या शेठकडं जातोय. आबांनी दोन वर्सं डोकं घालून ते पान काढलं हुतं. साक्षीच्या दुसऱ्या वाढदिसाला जोड घेऊन आलं. जाताना म्हनलं, "भाइर नेताना मोजं घाल हां तिला."

मी मोजं घालत हुते. पन शिकायला म्हनून मॅडम म्हनल्या, कुठला बी फोटू घे आनि भरून बग. मला दुसरं काय सुचलं न्हाय. ऑफिसच्या टेबलावर पोरगीला बसवली, मोजं काढलं, ऑफिसच्या कॅमेऱ्यानं फोटू घेतला. पैंजणाच्या खान्यात ठेवला, कारन पैंजणच हुतं ते. हिरवं बटन दाबलं न्हाय. रोज सकाळी उघडून तेवढा बगायचे, घरी गेल्यागत वाटायचं. प्रदर्शनाच्या दिशी पडदं मोकळं राहिलं, मॅडम फोनवर ओरडल्या, सगळं पब्लिश कर. मी सगळं केलं.

दिवाळीच्या आधी तेच पान गुजरीत, सराफांच्या गल्लीत, एका दुकानाच्या काचंत बगितलं. मशीनवर काढल्यालं, हलकं. हुबा ढीग.

आबास्नी पडद्याचं कायच ठावं न्हाय. त्या पानाची डाय, म्हंजे ठसा, बापूकाकानं कोरली हुती, शेजारचं घर, मागचं परडं एकच. नमुना दोघांनाच म्हाईत. मग सांगा, आबा दुसऱ्या कुनावर संशय घेतील? आईनं फोनवर सांगितलं, भांडान झालं न्हाय, तेच वाईट. आबा नुसतं म्हनलं, "बापू, तू भुकेला हुतास तर माझ्या ताटात जेवायचं हुतं." आनि परड्यात मधनं भिंत घातली. आता डाय इचलकरंजीच्या कुना दुसऱ्याकडनं आनत्यात. गावातली बाकीची बी बापूकाकाकडं जाईनात. चावडीवर चिडवत्यात म्हनं, आलं बगा पानवाले.

माझं नाव पाटीवर पयल्यांदा बापूकाकानंच गिरवून दिलं हुतं. त्याच अक्षरांनी मी सिस्टीममधी नावं भरते.

मॅडम माझ्यावर रागावल्या न्हाईत. चुकून हुतंय म्हनल्या, एक पेज तर हाय. कामावर ठेवली. मी मालकास्नी बी सांगितलं न्हाय. आतनं सगळं सुन्न हाय. पोळतंय का ते बी कळत न्हाय, भाकरी उलतताना परवा बोट भाजलं ते साक्षीनं दाखवल्यावर कळलं.

तुमी लांब गेलेल्या बायका इथं लिवता, घराची वड लागती. मला तासाभराची गाडी हाय, रोज आठ फेऱ्या. पन आमच्या घराला जायची वाट बापूकाकाच्या दारावरनं जाती, आनि त्यो दारात बसल्याला असतोय. हात रिकामं. घर म्हनजे आता मला तेवढं दार हाय, जे वलांडता येत न्हाय.

सांगितलं तर आबा भिंत पाडतील, पन मग माझ्याकडं बगतील. न सांगितलं तर त्यो मानूस असाच बसून म्हातारा हुईल.

काल फोनवर आबांनी इचारलं, "मोजं घालतीस न्हवं पोरगीला?"

"घालतो की, आबा."

फोन ठेवला. साक्षीनं पाय हालवला, पैंजण वाजलं. तुमी असता तर काय केलं असतं, सांगा.