फावड्याची खोपी

आमच्या घरात फावडं स्वयंपाकघरात राहायचं, दाराच्या मागे, झाडूच्या शेजारी. कुदळ पलंगाखाली, विळे खिडकीत, पाण्याचा पाइप न्हाणीतल्या खुंटीवर आणि फवारणीचा पंप कोपऱ्यात धान्याच्या कोठीला टेकून. माझी परसबाग घराच्या मागेच, म्हणून तिचा सगळा संसार घरातच. एकदा चहा घेऊन वळले तर फावडं आडवं झालं ते थेट पाहुण्यांच्या पायावर. पाहुणे साधे नव्हते, व्याही होते. त्या दिवशी मी जाहीर केलं, की परसात अवजारांसाठी खोपी बांधणार, स्वतःच्या हाताने, आणि तीही फुकटात.

पण खरं कारण फावडं नव्हतंच. खरं कारण निंब.

घरामागे एक जुना निंब होता. माझा म्हणायची सोय नव्हती, तो माझ्या नणंदबाईंचा होता. त्या माझ्याहून सात वर्षांनी मोठ्या. लग्न होऊन सुरतेला गेल्या, तिथेच आजी झाल्या. अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो. दिवाळीला एखादी लेक माहेरी आली नाही तर चालून जातं, आखाजीला आली नाही तर गाव विचारतं, काय झालं? नणंदबाई कधी चुकल्या नाहीत. नंदुरबारला गाडीतून उतरायच्या, तिथून आमच्या गावी, कळसाडीला यायच्या, पिशवीतून दोर काढायच्या आणि पाणी प्यायच्या आधी निंबाला झोका बांधून घ्यायच्या. साठी उलटलेली बाई परकरातल्या पोरीसारखी झोके घ्यायची आणि मी चुलीपाशी खापरावर मांडे टाकत खिडकीतून बघायची. मला राग यायचा. खोटं कशाला बोलू? झोका लेकींचा, चूल सुनेची, असा रिवाज. माझं माहेर नंदुरबारचं, पण आई-वडील गेले आणि भावाने पुण्याला फ्लॅट घेतला. बाल्कनीत झोका बांधून बहिणीला कोण बोलावतं!

माघात निंबाची एक फांदी शेजारच्या काकांच्या न्हाणीवर पडली. काका आत होते. टॉवेल गुंडाळून ते बाहेर आले ते थेट आमच्या अंगणात. बघितलं तर खोड आतून पोकळ झालेलं. नवरा म्हणाला, "तोडना पडी," आणि त्याचं वाक्य संपायच्या आत मी हो म्हटलं. दोन दिवस करवत चालली. नणंदबाईंना विचारलं नाही. विचारलं असतं तर निंब राहिला असता, काकांचं मात्र सांगता येत नव्हतं.

मग नणंदबाईंचा फोन आला. "निंब कसा शे वं?"

"शे ना ताई, चांगला शे," मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं.

एकदा खोटं बोललं की त्याला खतपाणी घालावं लागतं. दर आठवड्याला फोन, दर आठवड्याला निंबाची चौकशी. चैत्र उजाडेपर्यंत त्या नसलेल्या झाडाला मी फोनवर मोहोर आणला, निंबोळ्या लावल्या, वर एक कोकिळाही बसवली. मग आखाजी जवळ येऊ लागली. आई-वडिलांच्या मागे नणंदबाईंचं माहेर म्हणजे तो निंबच होता, आणि तो मी पाडला होता. त्या आल्या, त्यांनी परसात पाहिलं आणि आल्या पावली परत गेल्या तर? पुन्हा कधी आल्याच नाहीत तर?

लाकूडतोड्यांनी खोड नेलं होतं. टोकाला दोन फाटे असलेल्या दोन दुबेळकी फांद्या आणि एक लांब सरळ फांदी मी अडवून ठेवली होती. का, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. आता ठरवलं, दुबेळक्यांच्या मेढी करून खांबासारख्या पुरायच्या, त्यांच्या बेचक्यात छप्पर पेलायला सरळ फांदीचं आडं ठेवायचं. निदान निंब आडवा का होईना, घरात आहे असं दाखवता येईल.

बांधकाम मी मोबाइलवर शिकले. व्हिडिओतला माणूस फार हसतमुख होता. त्याच्याकडे विजेवर चालणारी चार यंत्रं होती, माझ्याकडे एक पहार आणि नवरा. दोन्ही सहसा कोपऱ्यात उभे. जुने पत्रे गोठ्यावरचे मिळाले. केळीला टेकू दिलेले बांबू काकांनी दिले, न्हाणीचा राग विसरून. भिंतींना कपाशीच्या वाळक्या काड्यांचा, पऱ्हाट्यांचा विणलेला कूड.

मी परसात हाताने मोजलं आणि नवऱ्याला सांगितलं, "मेढी सात हात काप." त्याने सात हात कापल्या. त्याच्या हाताने. माझा हात लहान, त्याचा ताडासारख्या माणसाचा. मेढी पुरल्या तेव्हा आडं एवढं वर गेलं की ते चढवायला काकांना, त्यांच्या दोन गड्यांना आणि शिडीला बोलवावं लागलं. फावड्याच्या डोक्यावर दुसरं फावडं उभं केलं तरी वर जागा उरली असती.

"फावडासाठे बंगला बांधी ऱ्हायनी का?" नवऱ्याने विचारलं.

मी म्हटलं, "हात तुन्हा, बोलनं माले?"

पत्र्याचे खिळे मी ठोकले. पहिले दहा-बारा मोठ्या अभिमानाने. काका कुंपणापलीकडून बराच वेळ बघत होते, शेवटी त्यांना राहवलं नाही. "भाभी, खिळा पन्हळमा नही, उंचवटावर मारा. पानी पन्हळमाईन व्हास." म्हणजे पाणी जिथून वाहणार नेमकं तिथेच मी भोकं पाडत होते. सगळे उपटले, भोकांना डांबर फासलं, पुन्हा ठोकले. दोनदा हातोडा अंगठ्यावर बसला. कूड विणून शेणमातीने सारवला, तेव्हा मात्र हात आपोआप चालले, कारण सारवणं मला कोणी व्हिडिओत दाखवायची गरज नव्हती. खोपी किंचित डावीकडे झुकली होती. नवरा म्हणाला, मान तिरकी केली की सरळ दिसते.

आखाजीच्या सकाळी मी आत फावडं, कुदळ, पंप सगळं मांडून ठेवलं आणि भाषण पाठ करत बसले. नणंदबाई आल्या. पिशवी खाली न ठेवता सरळ परसात गेल्या. मी मागोमाग. तोंड उघडलं, पण पाठ केलेलं एक अक्षर आठवेना.

त्या आड्याकडे बघत उभ्या राहिल्या. साल मी काढली नव्हती. मग हळूच म्हणाल्या, "माले होळीपाईन म्हाईत शे."

काकांची लेक सुरतेला नणंदबाईंच्याच गल्लीत राहते, हे मी साफ विसरले होते.

"मंग दर आठवडाले इचारत का व्हत्या?"

"तू कितला दिन खोटं बोलस ते दखत व्हती." मग ओठ मुडपून म्हणाल्या, "कोकिळा मातर भारी बसाडी तू."

मला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ रडू. "राग उना का, ताई?"

"उना. रडनू बी." एवढं बोलून त्यांनी पिशवीत हात घातला आणि दोर काढला. सगळं माहीत असून त्यांनी दोर आणला होता. आड्यावर दोर टाकला, ओढून पाहिला, फळी बसवली. मग मागच्या कुडाकडे बोट केलं. "हाऊ कूड काढी टाक. झोका आपटी."

चार दिवस विणलेला कूड! "ताई, मंग फावडं कोठे ठेवू?"

"फावडाले काय ऊन लागस?"

नवऱ्याने कूड उचकटला. फावडं, कुदळ, पंप पुन्हा उन्हात आले. मी बाजूला सरले, मांडे करायचे होते.

"कोठे चालनी?" नणंदबाईंनी दंडाला धरलं. "पहिले तू बस. बांधं कोनी? पडनं ते तुन्हा डोकावर पडू दे."

"आन मांडे?"

"मन्हा भाऊ टाकी मांडे." नवरा खापराकडे असा बघायला लागला, जसं मी व्हिडिओतल्या यंत्रांकडे बघितलं होतं.

मी बसले. मागून त्यांचे दोन्ही हात माझ्या पाठीला लागले आणि मी पुढे गेले. आडं करकरलं, पत्रा वाजला, खोपी आणखी जराशी डावीकडे झुकली. एकतीस वर्षांत या अंगणात मला पहिल्यांदा कोणी झोका दिला. मी मोठ्याने रडत होते आणि नणंदबाई मागून ओरडत होत्या, "पाय वर घे वं, पाय!"

मांडे जळाले, आम्ही आमरस नुसताच खाल्ला. संध्याकाळी फावडं उचललं आणि पुन्हा स्वयंपाकघरात, दाराच्या मागे नेऊन ठेवलं.