गैरहजर हात

एक नियम मी लबाडीने मंजूर करून घेतला होता, हे आधीच सांगून टाकतो.

ऐंशीच्या दशकात नाशिकहून सिन्नरला कामावर जाताना आम्ही चौघे एसटीत मांड्यांवर टॉवेल पसरून पत्ते खेळायचो. जिंकणाऱ्याने एक नवा नियम सुचवायचा. चारही हात वर गेले तरच तो लागू. चौघांतल्या टोपीवाल्या दादांचं नाव मी कधी विचारलं नाही. त्यांना गाडी लागायची, म्हणून खिडकी त्यांची, हा आमचा पहिला नियम. पान टाकण्याआधी ते कपाळाला लावत, आणि हरले की सगळ्यांत मोठ्यांदा हसत.

एकदा ते आले नाहीत. आम्ही तिघांनी तीन-दोन-पाच मांडलं. मी दोनदा जिंकलो आणि दोन नियम केले : गैरहजर माणसाचा होकार धरायचा, आणि खिडकी जिंकणाऱ्याची.

दुसऱ्या दिवशी दादांनी सगळं ऐकून घेतलं.

"माझा हात वर धरायचा, हे ठरवायलाबी माझाच हात लागला ना? मग त्यो तुम्ही आणला कुठून?"

बाकीचे दोघे खो खो हसले. मी मात्र "नियम म्हणजे नियम" म्हणत खिडकीत बसलो. आठवडाभर डाव मीच जिंकत राहिलो; दादा लिंबू हुंगत, घाम पुसत, तरीही हसत खेळले. ते हसणंच मला सोसेना.

सोमवारी मी खिडकीतून उठलो. "दादा, चुकलं माझं. त्या दिवशी तुमचा हात मीच वर केला होता. बसा इथे."

"माफीलाबी चार हात लागतील, साहेब!"

त्या दोघांचे हात वर गेले, दादांचा लिंबासकट. चौथा माझा हवा होता. मी दोन्ही जोडले.