केळूसकरचा गार हात

मंगळवार, १३ मार्च २००७. सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटे.

वेळ नेमकी सांगतो, कारण समोरच्या भिंतीवर घड्याळ होते आणि त्याच क्षणी माझी नजर त्यावर गेली. या सदरातले अनुभव मी आजवर करमणूक म्हणून वाचले. बहुतेकांत मध्यरात्र असते, वीज गेलेली असते आणि सांगणारा कुठून तरी दमून आलेला असतो. माझ्या बाबतीत भर दिवस होता, मी नीट झोपून उठलो होतो आणि कामात होतो. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. आजही नाही. म्हणूनच संताप होतो.

मी निवृत्त प्राणिशास्त्रज्ञ आहे. दक्षिण ध्रुवाकडील समुद्राच्या तळाशी कोणते प्राणी राहतात याची पाहणी करणाऱ्या जहाजावर मी दोन मोहिमा केल्या. दोन्ही वेळा मनोहर केळूसकर माझा जोडीदार होता. तळाचा गाळ लोखंडी जाळ्याने खरवडून वर आणायचा, चाळायचा आणि त्यातील प्राणी निवडून वेगळे करायचे, हे आमचे काम. या प्राण्यांचा सारा जन्म बर्फाइतक्या थंड पाण्यात जातो. आपल्या तळहाताची ऊबसुद्धा त्यांना चटका देते. म्हणून आमचा नियम असा होता, की जिवंत प्राणी उचलण्यापूर्वी आपले हात बर्फ घातलेल्या समुद्राच्या पाण्यात बधिर होईपर्यंत बुडवायचे.

मी हात बुडवून कामाला लागत असे. केळूसकर हात बुडवून आधी माझ्या मानेवर ठेवत असे.

तो डावखुरा होता. मागून येऊन पाची बोटे पसरून पकडायचा… अंगठा बरोबर माझ्या उजव्या कानाखाली. वर विचारायचा, "काय आगाशेबुवा, जिवंत आहात ना? नाहीतर चुकून बरणीत भरायचो." मी शिवी दिल्याशिवाय तो हात काढत नसे. न दिल्यास पुन्हा बुडवून आणत असे.

अशा माणसाचे खरेही थट्टेवारी जाते. दुसऱ्या मोहिमेत त्याने समुद्रकोळ्यांच्या, म्हणजे कोळ्यासारख्या लांब पायांच्या समुद्री प्राण्यांच्या, ताटात खेळण्यातला प्लॅस्टिकचा कोळी ठेवला. मोहिमेचे प्रमुख डॉ. रेगे पाहुण्यांसमोर त्याचे पाय मोजू लागले. सारे जहाज हसले. रेगे हसले नाहीत.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी केळूसकरला खरोखरच काही सापडले. समुद्रताऱ्याचा एक सडपातळ भाऊबंद असतो — मधोमध बटणाएवढी चकती आणि तिच्याभोवती पाच लांब, लवचिक हात. त्यातली एक मादी केळूसकरने समुद्रतळावर वाढणाऱ्या एका पोकळ स्पंजच्या आत पाहिली. पिल्लांना कवटाळून बसलेली. त्या जातीत असे कोणी पाहिले नव्हते. स्पंज फोडला तर पिल्ले विखुरतील म्हणून त्याने तो अखंडच अल्कोहोलच्या बरणीत घातला. बंदरात पेट्या उतरल्या, निरनिराळ्या प्रयोगशाळांना वाटल्या गेल्या आणि ती बरणी काही कोणाला सापडली नाही.

रेगे सर्वांदेखत म्हणाले, "केळूसकर, हा तुमचा दुसरा कोळी का?"

पाहणीचा अंतिम ग्रंथ छापायला जाण्याची वेळ आली, तेव्हा त्याच्या नोंदीपुढे 'अप्रमाणित' हा शब्द होता. तोवर केळूसकर जाऊन तीन वर्षे झाली होती. मी रेग्यांवर चिडलो होतो. केळूसकरवर त्याहून अधिक. स्वतःच्या शब्दाची किंमत स्वतःच घालवून हा निघून गेला आणि निस्तरायला आम्ही उरलो.

त्याची पत्नी नलिनीवहिनी सिंगापुरात पासिर रिसला मुलाकडे राहते. मी त्याच शहरात, सेरंगूनला माझ्या मुलाकडे. त्या मार्चच्या सुरुवातीला भेटलो, तेव्हा तिने चहा पुढे ठेवून सरळ विचारले होते.

"भाऊजी, हे खोटं बोलले होते का?"

"नाही."

"मग तसं कळवा ना त्या रेग्यांना."

"पुरावा नाही, वहिनी."

"म्हणजे माझ्या नातवंडांनी पुस्तक उघडलं, तर आजोबा थापाडे. असंच ना?"

मी चहा घेतला नाही. उठून निघालो.

मोहिमेतील काही पेट्या बुओना व्हिस्टाच्या एका प्रयोगशाळेत अभ्यासासाठी आल्या होत्या. ती प्रयोगशाळा नव्या इमारतीत जायची होती आणि तिथे जागा कमी होती. जहाजावरचा माणूस म्हणून काय ठेवायचे, काय टाकायचे हे निवडायला त्यांनी मला बोलावले. व्यवस्थापक मिस गोह ही तरुण, चटपटीत बाई.

"अंकल, एका ठिकाणचा एक स्पंज ठेवायचा. डबल असेल तर थ्रो. सुंदर असला तरी थ्रो, हां! दोन वाजता वेस्ट घेऊन जायला लॉरी येते."

"सुंदर स्पंज मी अजून पाहिलेला नाही," मी म्हणालो.

केळूसकरची बरणी मी या पेट्यांत शोधली नसेन असे कोणी समजू नये. पहिल्याच दिवशी शोधली होती. पण अल्कोहोलमध्ये वर्षानुवर्षे राहिलेला स्पंज तपकिरी आणि आकसलेला होतो. काचेतून सगळे सारखेच दिसतात आणि सारे स्पंज फोडून पाहण्याची परवानगी नव्हती. मी आशा सोडली होती.

अकरा वीसला दुबार म्हणून निघालेली एक बरणी मी उघडली. आतले अल्कोहोल टाकाऊ पिंपात ओतायचे आणि स्पंज पिशवीत टाकायचा, एवढेच काम. बरणी तिरकी केली… आणि मानेवर हात पडला.

गार, ओला हात. पाची बोटे. अंगठा उजव्या कानाखाली.

"केळूसकर, हात काढ, गाढवा!"

हे मी मोठ्याने ओरडलो. विचार करून नव्हे. तोंडाला सवय होती. हात निघाला. मागे वळलो तर रिकामे टेबल आणि भिंत.

मिस गोह धावत आली. "अंकल, ओके ऑर नॉट?" मग माझ्या मागे जाऊन म्हणाली, "अय्यो, कॉलर सगळी ओली! एसी लीक झाला का?"

एसी दोन दिवसांपूर्वीच उतरवून नेला होता. खिडक्या उघड्या होत्या, पंखे फिरत होते आणि आम्ही दोघेही घामाघूम होतो. छत कोरडे होते. तिने वर पाहिले, मीही पाहिले. तिने पाण्याचा ग्लास आणून ठेवला आणि गेली. जाताना दार उघडेच ठेवले.

वाचकांपैकी कोणी तरी आता म्हणेल, की वय झाले, मानेची शीर आखडली. शीर आखडली तर कॉलर भिजत नाही. घाम म्हणाल, तर घाम गार नसतो. तो गारवा मी ओळखतो. कातडी आधी जळते, मग तिथे काहीच उरत नाही. सिंगापूरच्या मार्चमध्ये तो कोठून आणायचा?

मला भीती वाटली नाही. राग आला. मेलेल्या माणसाच्या खोडीला भीक घालायची नाही असे ठरवून मी बरणी पुन्हा तिरकी केली.

हात पुन्हा आला. या वेळी बोटे रुतली.

मी शिवी दिली. कोणती, ते येथे लिहीत नाही. बरणी सरळ केली, खाली ठेवली, कात्री घेतली आणि परवानगी वगैरे न विचारता तो स्पंज उभा कापला.

पोकळीत ती होती. पाची हात आत वळवून बसलेली, आणि हातांच्या कुशीत तिची पिल्ले — मोहरीएवढी, प्रत्येकाला आपापले पाच हात. भिंग बदलून पाहिले, तरी तेच दिसले. आपण नुसते पाहत बसलो आहोत हे माझ्या ध्यानात आले, तेव्हा मिस गोह शेजारी उभी होती.

"अंकल, हे थ्रो नाही ना?"

"नाही."

तिच्याच टेबलावरून मी पुण्याला रेग्यांना फोन लावला. केळूसकरची बरणी सापडली, मादी पिल्लांसह स्पंजच्या आत आहे, असे सांगितले. पलीकडून हसणे ऐकू आले.

"आगाशे, आता तुम्हीही थट्टा करायला लागलात?"

"डॉक्टर रेगे, आपण मला किती वर्षे ओळखता?"

"पुष्कळ."

"त्यात मी एकदा तरी थट्टा केल्याचे आपल्याला आठवते?"



"नाही," ते म्हणाले. "छायाचित्रे पाठवा. तो शब्द काढतो."

छायाचित्रे काढून पाठवली. दोन वाजता लॉरी आली आणि त्या बरणीवाचून गेली.

तेथून एकाच गाडीने शेवटच्या स्टेशनापर्यंत, पासिर रिसला गेलो. वहिनीने दार उघडले. मी उभ्यानेच सारे सांगितले, मानेचेही सांगितले. तिच्यापासून लपवण्याचा मला अधिकार नव्हता.

"काही बोलले का हो?"

"नाही. नुसता हात ठेवला."

"गार?"

"गार."

ती आधी हसली. "मेल्यावरही सुधारले नाहीत! आणि तुम्ही काय केलंत?"

"शिवी दिली."

"बरं केलंत. नाहीतर वाट बघत बसले असते." मग ती आत गेली, आणि चहा यायला नेहमीपेक्षा उशीर झाला. या वेळी मी तो घेतला.

स्पष्टीकरण मजजवळ नाही. निवृत्तीपर्यंत मी ज्याला पुरावा नाही ते मानले नाही, आणि येथे पुरावा म्हणून दाखवण्याजोगे आहे ते फक्त बरणीतले. ती बरणी योगायोगाने हाती आली आणि योगायोगाने वाचली, असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. मला विचारायचे आहे ते केळूसकरला. एवढे करता येत होते, तर तीन वर्षे कोठे होतास? वहिनी रडत होती तेव्हा कोठे होतास? आणि सांगायचेच होते, तर चार माणसांसारखे सांगता येत नव्हते?

सायंकाळी सेरंगूनला परतलो. कॉलर वाळून ताठ झाली होती आणि तिच्या कडेला मिठाची पांढरी रेघ होती. घामातही मीठ असते, हे मला कोणी शिकवू नये. सून म्हणाली, "बाबा, शर्ट मशीनमध्ये टाका." मी टाकला नाही. शर्ट स्वयंपाकघरातल्या नळाखाली हाताने धुतला, पिळला, कपडे वाळवायच्या बांबूवर चढवला, बांबू खिडकीबाहेरच्या खोबणीत बसवला आणि कॉलरला दोन चिमटे लावले.