ओक-बुनच्या वाढदिवसाचं सूप

देगू शहराच्या बाजारात कपडे दुरुस्त करून देणाऱ्या ओक-बुनला कपडा कुठे विरलाय ते बघून माणूस ओळखता यायचा. नुसती कॉलर बघून ती नोकरी सुटलेला माणूस सांगायची. घरातला माणूस मात्र तिला तीन वर्षं कळला नाही, आणि याचंच मला वाईट वाटतं.

नवरा छांग-ग्यू पोस्टातून निवृत्त झाला आणि म्हणाला, घर-जमिनीच्या एजंटचं लायसन्स काढतो. मास्तरांची लेक्चर्स कुठेही बघता यावीत म्हणून हिनं अंगठी मोडून त्याला बोटानं चालवायचा, तळहाताएवढा प्लेअर घेऊन दिला. पठ्ठ्या दिवसभर कानात इअरफोनची बोंडं घालून बसायचा. 'अभ्यास चाललाय,' म्हणून ही टीव्हीसुद्धा लावत नसे.

लायसन्सची परीक्षा दरवर्षी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. तिचा वाढदिवसही त्याच सुमारास. वाढदिवसाला समुद्री शेवाळाचं सूप हवंच, पण ते पडलं निसरडं, परीक्षार्थी हमखास घसरतो, नापास होतो म्हणतात. म्हणून महिनाभर घरात शेवाळ यायचं नाही. दोन वाढदिवस तिनं सुपाविना काढले. तो दोन्ही वेळा नापास झाला, "दोन-दोन मार्कांनी गेलो गं," म्हणाला.

यंदा परीक्षा नेमकी तिच्या वाढदिवशीच आली. चार दिवस आधी तो आंघोळीला गेला असताना तिनं प्लेअरच्या पडद्यावरची ओरखडलेली फिल्म बदलायला घेतली. परीक्षेत डोळ्यांना त्रास नको, एवढाच हेतू. फिल्म उजेडात धरली आणि तिचा हात थांबला. लेक्चर्सचं बटण येतं ती डावी बाजू कोरी करकरीत होती. उजवा कोपरा, जिथं प्लेअरवरच टीव्ही लावायचं बटण येतं तो, घासून पांढरा पडला होता. तिनं पडद्यावर तिथंच नखानं दाबलं. आत टीव्हीवरून उतरवून घेतलेले सोंगट्यांच्या खेळाचे सामने, बादुकचे, ओळीनं. एकावर गेल्या वर्षीच्या परीक्षेची तारीख होती, वेळ सकाळी साडेदहा, ऐन पेपरची.

त्या दिवशी घरी आल्यावर "लिहून लिहून हात गेला," म्हणाला होता. तिनं अर्धा तास त्याचा हात शेकला होता. हे आठवलं आणि तिला इतकं अपमानित वाटलं की ती फिल्म हातात धरून नुसती बसून राहिली. मग नवी फिल्म नीट चिकटवली, एक बुडबुडा राहू दिला नाही, आणि प्लेअर होता तिथं ठेवून दिला.

रविवारी सकाळी तो इस्त्रीचा शर्ट घालून जेवायला बसला. समोर शेवाळाच्या सुपाचे दोन वाडगे होते.

"अगं, आज परीक्षा आहे ना माझी?"

"आज माझा वाढदिवस आहे, सोराचे बाबा."

"हो, पण घसरलो म्हणजे?"

"घसरायला तिथं जावं लागतं," ती म्हणाली, आणि आपल्या वाडग्यात भात कालवला.

त्याचा चमचा हातातच राहिला. तिनं मान वर केली नाही. तीन वर्षांनी मिळालेलं सूप तिनं सावकाश, तळापर्यंत संपवलं.