रागाचा डबा

तुर्भ्याच्या आमच्या टेम्पो स्टँडवर भाडं नसलं की दोनच गोष्टी जमतात, धूळ आन किस्से. धूळ फडक्यानं झटकता येते. किस्से कुठले जातात, चहाबरोबर वाढतच जातात! आमच्यातले निम्मे किस्से रविवारच्या क्लासचे हायत. व्हय, क्लास! मी सर्जेराव, चौथी पास, आन पन्नाशीला टेकल्यावर पैसा कसा वापरायचा त्याचा क्लास लावला. हसायचं आसंल तर आत्ताच हसून घ्या. मधी हसलात तर मला राग येतो.

क्लास घेनाऱ्या शेलार मॅडम. बँकेतनं रिटायर झाल्या आन समाजमंदिरात फुकट शिकवाय लागल्या. मी गेलो पोरीपायी. अश्विनी बारावीला होती, तिला नर्सिंगला जायचं होतं. ॲडमिशनला चाळीस हजार लागनार. वीस वर्षं टेम्पो चालवतोय, कमाई बरी हाय, पन चाळीस हजार माझ्या घरात कधी एका जागी बसले न्हाईत.

मॅडमचा नियम सोपा. वहीत दोन रकाने. एकात खर्च, दुसऱ्यात खर्च करताना मनात काय होतं ते.

मी म्हनलो, "खर्च लिवतो. मनाचं काय काम?"

"टाकी सारखी रिकामी होते, तर गळती कुठं आहे ते बघायला नको?"

पुढच्या रविवारी त्यांनी माझी वही उघडली. सात ओळी. साडू म्हनला, 'तू पन दे की कधीतरी बिल', म्हनून मी अख्ख्या टेबलाचं बिल दिलं. राग. एक गाडीवाला हॉर्न मारून पुढं गेला, म्हनून नवा हॉर्न बसवला. राग. सगळीकडं रागच.

मॅडम म्हनल्या, "शेवटच्या ओळीत 'लई राग' लिहिलंय. हे काय घेतलं होतं?"

"हीच वही, मॅडम!"

*

पन माझा सगळ्यात महाग राग त्याच्या आधीचा, तोबी मी मॅडमना सांगितला. वाशीला गेलो होतो साधा फ्रीज घ्यायला. सहज एका दोन दारवाल्या फ्रीजला हात लावला. तिथला सेल्समन माझ्या चपलांकडं बघून म्हनला, "काका, ते तुमच्या बजेटचं नाही."

झालं! "पॅक कर," म्हनलो. अठरा हप्ते!

घरी आनला तर खोलीच्या दारातनं आत जाईना. आडवा केला, तिरपा केला, न्हाय! दोन दिवस फ्रीज गल्लीत. वायर खिडकीतनं टाकून चालू केला, तर गल्लीतल्या बाया त्यात दूध ठेवाय लागल्या. एकीनं मासळी ठेवली. शेवटी दाराची चौकट फोडली, त्याचा खर्च येगळा.

बायको शालन लई बोलत न्हाय. त्या दिवशी एवढंच म्हनली, "फ्रीजला दोन दारं आन आपल्या घराला एकच. आपनच ऱ्हाऊ की फ्रीजमधी!"

*

क्लासात माझ्या शेजारी बसायचे वाघमारे. परभणीकडचे, महाप्याच्या एका कंपनीत सिक्युरिटीला. मानूस सोनं. पन बँकेचा मेसेज आला की फोन खिशात उलटा घालायचे. चार वर्षं बॅलन्स बघितला न्हवता! का? तर भ्या वाटतं. लहानपनी घरात पैशाची गोष्ट निघाली की रडारडच व्हायची, तेच डोक्यात बसलेलं. चपलेला तार बांधून चालायचे.

मॅडम म्हनल्या, "आज बघू या. आम्ही सगळे आहोत."

वाघमाऱ्यांनी फोन माझ्या हातात दिला आन डोळे गच्च मिटले. मी बघितलं आन माझेच डोळे फिरले. "एक लाख शह्याऐंशी..."

"हळू बोला हो!" वाघमारे वरडले. "आकडा ऐकून सरून जाईल!"

मॅडमनी त्यांना होमवर्क दिला. स्वतःसाठी पाचशे रुपये खर्च करून या. पुढच्या रविवारी आले ते हसतच. चपला घेतल्या म्हने. मी पायाकडं बघितलं, तर तीच तार!

"नव्या कुठं हायत?"

त्यांनी काखेतली पिशवी दाखवली. "हे काय. पायात घातल्या तर झिजतील ना!"

*

क्लासातले हिराजीशेठ इथल्याच गावातले, आगरी. मन आभाळाएवढं आन हात त्याच्याहून मोठा. पोरीचं लगीन ठरलेलं. लग्नाचं टेन्शन नव्हतं, टेन्शन हळदीचं! त्यांच्यात हळदीला सगळं गाव जेवतं, आन एक घर राह्यलं तर पिढ्यान्‌पिढ्या ऐकवतात.

मॅडम म्हनल्या, "कुणाला बोलावायचं ते लिहू नका. कुणाला नाही बोलावलं तर चालेल, तेवढंच लिहा."

शेठ आठ दिवसांनी कागद घेऊन आले. त्यावर एकच नाव. हिराजी.

"हे तर तुमचंच!"

"मंग?" शेठ म्हनले. "रातभर बसून इचार केला, मॅडम. मी नाय आलू तं चालंल. बाकी सगली पायजेत!"

शेवटी एक डीजे कमी झाला. दोन ठरले होते.

*

आता माझी एक लाजेची गोष्ट. स्टँडवर एक पोरगा आला, हातात फाईल. अकरा महिन्यांत पैसे डबल. दुसरा कुनी आसता तर मी कॉलर धरली आसती. मी पाच हजार दिले! पोरगा गेला, फोन बंद, फाईल बंद.

वहीत 'मनात काय होतं' तिथं मी दोन दिवस काही लिवलंच न्हाय. मॅडमनी लई इचारलं, तवा खाली बघून सांगितलं, "तो मला सर म्हनला, मॅडम. जन्मात पयल्यांदा कुनी सर म्हनलं."

कुनी हसलं न्हाय. मॅडमनी वही मिटली आन माझ्याकडं दिली. "घ्या, सर. मी दर रविवारी म्हणेन. फुकट."

आन खरंच म्हनत राह्यल्या!

*

पन राग काय जाईना. मग मॅडमनीच तोड काढली. "सर, तुमचा राग कामाला लावू. राग आला की जेवढे उधळणार होता, तेवढे एका डब्यात टाका. अश्विनीच्या फीसाठी."

बिस्किटाचा पत्र्याचा डबा आनला, झाकनाला चीर पाडली, कुलूप लावलं, किल्ली अश्विनीकडं. तिनं वर नियम काढला, "अप्पा, यात फक्त रागाचेच पैसे. रागाशिवायचे टाकलेत की तुमी परत मागून घेता, मला म्हाईत हाय."

आन काय सांगू, दुनियाच बिघडली! शालनच्या भाजीत मीठ नसायचं. हिराजीशेठ माझ्या टेम्पोला डबडा म्हनाय लागले. रोज भांडन, रोज डबा! चार महिने मला वाटलं माझे ग्रह फिरले हायत.

मग एक दिवस वाघमारे स्टँडवर आले. घसा खाकरला. "सर्जेराव, तुमच्यासारखा... तुमच्यासारखा..." आन खिशातनं चिठ्ठी काढली. "थांबा हां. शालनवैनींनी लिहून दिलंय."

*

ॲडमिशनच्या आदल्या दिवशी रविवार होता. शालनबी आली होती, अश्विनीनं डबा क्लासातच उघडला. सगळ्यांनी मिळून मोजलं. एकोनचाळीस हजार शंभर. नऊशे कमी!

माझ्या खिशात अकराशे होते. मी हात घातला, तर पोरगी डब्यावर हात ठेवून उभी. "अप्पा, राग आलाय का?"

"न्हाय ग. आज कसला राग?"

"मग न्हाय घेनार. नियम म्हंजे नियम."

झालं, सगळे लागले कामाला. शेठ म्हनले, "तुजा टेम्पो भंगारवालाबी फुकट नेनार नाय!" मला हसू आलं. शालन म्हनली, "ह्या मानसाला दाराचं माप घेता येत न्हाय!" मी आनखी हसलो. वाघमाऱ्यांनी चिठ्ठी काढली, तवा तर पोट धरून खाली बसलो. डोळ्यांत पानी आलं, पन राग काय येईना!

मॅडम कोपऱ्यात बसून बघत होत्या. उठल्या. चष्मा काढला. माझ्या चपलांकडं बघितलं.

"सर्जेराव," त्या म्हनल्या, "नर्सिंग तुमच्या बजेटचं नाही."

माझ्या कानशिलात जाळ झाला. खिशात हात कवा गेला, नोटा कवा निघाल्या, म्हाईत न्हाय. डब्यावर आसा हात आपटला की पत्र्याला पोचा पडला, तो अजून हाय.

अश्विनीनं नोटा मोजल्या. "अप्पा, दोनशे जास्त हायत."

मॅडमनी चष्मा परत घातला.

"उद्या पावती आणून दाखवा, सर."