दोघींत एक घागर

बाई कायम थकलेल्या असत. अमरावतीहून त्या आमच्या मुलींच्या शाळेवर आल्या, गाडीतून उतरल्या आणि वाटेतच ट्रंकेवर बसल्या. "जरा थांबा गं, मग शिकवते," हे त्यांचं गावातलं पहिलं वाक्य. पुढेही सावली दिसली की त्या बसत. शाळेच्या एकुलत्या खोलीत सावली होती, पण वारा नव्हता. म्हणून त्या आम्हाला घेऊन नाल्याकाठी कडुनिंबाखाली येत. आमची बाहेरची शाळा सुरू झाली ती अशी.

मलकापूरहून येताना मोताळ्याच्या अलीकडचं आमचं गाव. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं, तेव्हाची गोष्ट. मुलींची शाळा ही चैनच समजली जाई. पट घसरला की शाळा बंद, हे बाईंना माहीत होतं आणि आम्हालाही.

नाल्याकाठी बाईंनी करंजाची रोपं लावून घेतली. भोवती बाभळीच्या काट्यांची कुंपणं. नियम एकच: ज्या दोघींचा अबोला, त्यांना मिळून एक रोप आणि एक मोठी घागर. घागर काठीला मधोमध बांधायची, काठीची टोकं दोघींच्या खांद्यांवर. कौसल्या माझी शेजारीण. पण आमच्या दोन घरांचं शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, वाकडं, म्हणून आमचंही. पहिल्याच खेपेला अर्धं पाणी तिच्या पायांवर सांडलं.

"हळू चाल नं व! आंधळी हायेस काय?"

बाई डोळे मिटूनच म्हणाल्या, "चला, अबोला सुटला."

आयांना हे पटेना. कौसल्याची आई एकदा पदर खोचून थेट नाल्यावरच आली. "काऊन हो बाई, पानी भरायले शाळा कायले पायजे? आमच्या घरी विहीर नाही काय?"

"आहे ना. पण तिथं ती एकटीच भरते," बाई म्हणाल्या. "तुम्ही बसा आधी. उन्हातून आलात."

ती बसली. मग दोघी बराच वेळ गुडघेदुखीवर बोलल्या. कौसल्या शाळेत राहिली.

होळीला लाकूडफाटा पळवायचा, ही गावाची रीतच. धुळवडीनंतर शाळेत आलो तर कुंपणं गेलेली, आणि रोपं बकऱ्यांनी बुडख्यापर्यंत खाल्लेली. चोर शोधायची गरज नव्हती. सगळे आमचेच भाऊ.

आम्ही आधी रडलो, मग शिव्या दिल्या. बाईंनी दोन्ही होऊ दिलं. "झालं? आता ऐका. शिव्या घेऊन गेलात तर ते हसतील. रडत गेलात तर त्यांना मार बसेल, कुंपण काही येणार नाही. काय गेलं आणि काय हवं, तेवढंच सांगायचं."

दुपारभर एकमेकींना भाऊ करून आम्ही सराव केला. कौसल्या माझा दादा झाली. नसलेल्या मिशीला पीळ देत म्हणाली, "काय व, होळीले काटे तं सारेच नेतेत!" मी हसले. बाई म्हणाल्या, "पुन्हा पहिल्यापासून."

संध्याकाळी दादा बैलांना वैरण टाकत होता. मी म्हटलं, "दादा, ते काटे आमचे होते. करंज बकरीनं खाल्ला. बुडखा जिता हाय, फुटन. मले कुंपन पायजे."

दुसऱ्या दिवशी दादासकट सगळी पोरं काट्यांचे भारे ओढत नाल्यावर आली. त्या दिवशी बाई बसल्या नाहीत.

पण गोष्ट बापांपर्यंत गेली. "पोरगी भावाले जाब इचारते?" आबा ओसरीवर गरजले. "हेच शिकवून राह्यली काय बाई? उद्या सासरी काय करन हे?" घरोघरी हेच झालं. बाजाराचा दिवस येईतो निम्म्या मुली घरी बसल्या, त्यात मी. पट घसरला, आणि शाळा बंद करायचा हुकूम आला.

बाई निघाल्या तेव्हा मी गाडीपाशी गेले. "बाई, आम्ही बोललो नसतो तर शाळा राहिली असती?"

"राहिली असती," बाई म्हणाल्या.

खोटं समाधान द्यायलाही अंगात बळ लागतं, हे मला या वयात कळतं. बाईंपाशी ते उरलं नव्हतं. किंवा असलं तरी त्यांना ते त्यावर खर्चायचं नव्हतं. गाडी हलली तेव्हा एवढंच म्हणाल्या, "मुलं काटे घेऊन आली होती. तू पाहिलंस." मग ट्रंकेला टेकून त्यांनी डोळे मिटले. गाडी मलकापूरच्या रस्त्याला लागली. त्या पुन्हा भेटल्या नाहीत.

पुढचं वर्ष मी कापूस वेचण्यात काढलं. शाळेचं नाव घरात कुणी काढत नव्हतं. एके दिवशी जेवणं झाल्यावर दादा आबांसमोर जाऊन बसला. एरवी दादाचं बोलणं म्हणजे आदळआपट. त्या दिवशी त्याचा आवाज चढला नाही.

"आबा, तिची शाळा गेली. तिले बुलढाण्याच्या शाळेत घालायचं हाय. मी नेऊन घालतो, सुट्टीले मीच आनतो."

"नाही," आबा म्हणाले.

दादा उठला नाही. त्यानं तेच पुन्हा, तेवढ्याच आवाजात सांगितलं. आबांनी पाठ फिरवली. दादानं आणखी एकदा सांगितलं.

आबांनी सुपारी कातरायला घेतली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ठेवशीन कोनापाशी तिले?"